अकरा अंडी आणि माझी सही

आत्या, तू गेलीस त्या सकाळी सुतळीला तेरा गाठी होत्या. मी स्वतः मोजल्या. बाया तुझ्या उशाशी बसून रडत होत्या आणि मी चुलीमागच्या कोपऱ्यात वाकून सुतळी मोजत होतो. ते कोणी पाहिलं असेल तर माझ्याबद्दल काय समजायचं ते त्यानं समजून घेतलं असेल. पण तुला माहीत आहे, मला रडू आलं की मी काहीतरी मोजायला लागतो. उभं आयुष्य कचेरीत आवक-जावक करणाऱ्याचं दुसरं काय होणार?

तर तेरा. टोपल्यात खाली राख, वर कुटाराचा भुसा, कुटारात कडुनिंबाचा पाला, कडेला विजेच्या कडकडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून विळ्याचं मोडकं पातं, आणि मधोमध फुगून बसलेली तुझी खुडूक कोंबडी. तिच्या डोक्यावर भिंतीत खिळा, खिळ्याला सुतळी. कोंबडी अंड्यांवर बसवली की रोज सकाळी एक गाठ. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुझा विश्वास नव्हता. ते छापणाऱ्यानं एखादा दिवस खाल्ला तर कोणाला कळणार, असं तुझं म्हणणं.

चौथ्या दिवशी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, पाहुणे पांगले आणि मी पुन्हा सुतळी हातात घेतली. सतरा गाठी.

मेलेलं माणूस गाठी मारायला येत नाही, एवढं आपल्या घरात लहान लेकरालाही शिकवलेलं आहे. मग चार दिवस कोण हे काम करत होतं? आणि का? माझी मान आपोआप एकेकाकडे वळली. शेजारची शेवंताबाई भांडी विसळत होती. माझी बायको सुनंदा सतरंज्या झटकत होती. दोघीही संशयास्पद दिसत होत्या. तशा मला दोघी नेहमीच दिसतात.

हा संशय मला कोणाकडून आला, ते आता तू नाहीस तर मोकळेपणानं लिहितो. तुझ्याकडून. दूधवाल्याचं माप, बस कंडक्टरचं तिकीट, भाषण करणाऱ्याचा पांढरा शर्ट, सगळ्यांकडे तू एक डोळा बारीक करून पाहायचीस. कोंबड्यांनाही सोडलं नाहीस. बसलेल्या कोंबडीच्या टोपल्यात दुसऱ्या कोंबड्या येऊन अंडी घालून जातात, म्हणून बसवलेल्या प्रत्येक अंड्यावर तू कोळशाची रेघ ओढायचीस. रोज कोंबडी दाणे टिपायला उठली की बिनरेघेचं अंडं बाहेर. "घुसखोर," म्हणायचीस आणि ते माझ्या ताटात वाढायचीस.

या कोंबडीचं नाव तू कारकुनीण ठेवलंस. मी विचारलं का, तर म्हणालीस, "एकदा जागेवर बसली का उठत नाई, आन कोनी काम सांगतलं का चोच मारते. मले तुही याद येते."

आत्या, आपल्या दोघांतलं भांडण दोन वर्षं पडून आहे. ते मिटवायचं राहिलं म्हणून हे लिहायला बसलो. गुण गाणारे पुष्कळ आहेत, ते गातील.

भांडण कडकनाथाचं. तेव्हा मला कोंबडी काळी, मांस काळं, जीभसुद्धा काळी अशा त्या जातीचं वेड लागलं होतं. आठवडी बाजारात एका माणसाकडून मी अकरा अंडी घेतली. विषम संख्या तुझ्या नियमाप्रमाणे, म्हणजे टोपल्यात गोल बसतात, कोपऱ्यात एकटं कोणी राहत नाही. नालवाडीहून निघालो, हिंगणघाटला बस बदलली, समुद्रपूरला उतरून पुढं ऑटो. सगळा रस्ता डबा मांडीवर, तान्हं मूल घेतल्यासारखा. तू एक अंडं गालाला लावलंस आणि डोळा बारीक केलास.

"कोंबडा पाह्यला काय तू?"

"फोटो पाह्यला."

"मंग फोटोचे पिल्लं निंघतीन."

मी रागावलो. पण खरा अपमान मी तुझा केला. खिशातून निळा बॉलपेन काढला आणि तुझ्यासमोर, तुझ्या खाटेवर बसून, अकराही अंड्यांवर सही केली. पूर्ण सही, खाली रेघ, रेघेवर दोन टिंबं. शिक्का मारायचाच तेवढा राहिला. फोटो काढला. तू पाहत होतीस. म्हणालीस, "काऊन रे सायेब, माह्या घरात तुले चोर दिसून राह्यले काय?"

"तसं नाही आत्या. नियम म्हणजे नियम."

"बरं. मंग कोंबडीचाबी अंगठा घेऊन ठेव."

त्यानंतर मी घरी येऊन काय केलं, ते तुला सुनंदानं सांगितलं होतं, हे मला आत्ता कळलं. पण ते नंतर. मी घरी येऊन अर्ध्या नालवाडीला कडकनाथाची पिल्लं कबूल केली. साहेबांना दोन, शेजारच्या मास्तरांना दोन, किराणा दुकानदाराला एक. अंडी अकरा आणि कबूल केलेली पिल्लं चौदा. तरी मी हिशेबाचा माणूस.

एकविसाव्या दिवशी रजा टाकून, पेढ्याचा पुडा घेऊन आलो. टोपल्यात अंडी जशीच्या तशी. एकेक उचलून पाहिलं. सही माझी, रेघ माझी, टिंबं माझी. मला केवढा धीर आला! आणि पिल्लं? तू दाणे पाखडत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "कडकनाथले टाइम लागते. काळा रंग चढाचा रायते नं अंदर."

मी मान डोलावली आणि हेच उत्तर कचेरीत जाऊन सगळ्यांना समजावून सांगितलं. मास्तरांनी तर ते वहीत लिहून घेतलं.

पुढं आठ दिवसांनी तुझा निरोप आला. आलो तर नऊ पिल्लं. पिवळी, तांबडी, ठिपक्यांची, एक तर चक्क पांढरं. काळं एकही नाही. मी टोपल्यात हात घातला टरफलं पाहायला. टोपलं साफ. तू पाट्यावर टरफलं चुरून कारकुनिणीपुढं टाकलेली, ती मान खाली घालून माझा पुरावा खात होती.

"टरफलं कुठायत?"

"खाल्ली नं तिनं. एकवीस-एकवीस दिवस उपाशी बसते, तिच्या हाडात काई राह्यते काय? आपल्या घरी नेहमीच देते मी. आज नवीन पाहून राह्यला काय?"

ते खरं होतं. लहानपणापासून पाहत होतो. पण संशय घेणाऱ्याला खरं फार लवकर पटत नाही. अंडी माझी होती, सही शाबूत होती, मग पिल्लं तुझी कशी? याचा एकच अर्थ लागत होता. काळी पिल्लं निघाली, तू ती पहाटेच हलवलीस आणि घरची पिल्लं तिथं ठेवलीस. कुठं हलवली? पाच महिन्यांनी उत्तर मिळालं. शेवंताबाईच्या अंगणात एक काळी तलंग, अजून अंड्यावर न आलेली कोंबडी, फिरत होती.

मी त्या तलंगीला धरलं आणि चोच उघडून जीभ पाहिली. शेवंताबाई कुंपणाआडून ओरडली, "अवं बाई, तुमच्या कचेरीत आता कोंबड्याईचीबी तपासनी होते काय?" जीभ गुलाबी होती. मला तेवढ्यानंही पुरलं नाही. वयात आली की काळी होत असेल, असं मी मनाशी म्हणालो.

आणि मग ती जेवणाची पंगत. माझ्या पोरीच्या बारावीच्या निकालाची. सगळे नातेवाईक, तू पांढऱ्या लुगड्यात, मला शेजारी बसवून घेतलेलं. अंड्याचा रस्सा वाढला आणि मी मोठ्यानं बोललो, "आत्याच्या हातचं अंडं जरा पाहून घ्या बरं. जातं एक, येतं दुसरंच."

सगळे हसले. तूही हसलीस. पण तुझा हात ताटातच राहिला. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

त्यानंतर मी तुझ्याकडे क्वचितच आलो. आलो तेव्हा तू रश्शातली अंडी माझ्यासमोर एकेक करून वाढायचीस. "मोजून घे सायेब." एवढंच. गेल्या हिवाळ्यात तू सीताफळांची पाटी पाठवलीस, मोठमोठी, डोळे फुटलेली. फोनवर मी म्हटलं, यंदा झाड फारच लागलं. तू म्हणालीस, "तुह्यंच खत हाये, खाय." मला वाटलं टोमणा आहे. पोट भरेपर्यंत खाल्ली, पण टोमणा लक्षात ठेवला.

आणि शेवटचा फोन. तू जायच्या तेरा दिवस आधीचा.

"कोंबडी बसवून राह्यली आज. अकरा हायेत. येजो, सही करून जाजो."

मी म्हटलं, तपासणी चालू आहे आत्या, वेळ नाही.

"बरं," तू म्हणालीस. "मंग कोळसाच लावते."

आता मला कळतं की तू मला बोलावत होतीस. तेव्हा वाटलं होतं, चिडवत आहेस. दोन्ही असेल. तुझं काही एकच कधी नसायचं.

म्हणून यावेळी मी रजा वाढवली आणि सुनंदाला म्हटलं, पिल्लं निघेपर्यंत इथंच राहू. खुडूक कोंबडीला घर बदललेलं चालत नाही, अंडी सोडून उठते, तेवढं तू शिकवलेलं होतं. सुनंदा लगेच हो म्हणाली. इतक्या लगेच की मला संशय आला.

अठराव्या दिवशी पहाटे उठून चुलीमागं पाहिलं तर ती तिथंच होती. गाठ मारत होती. डाव्या हातानं सुतळी ताणून, उजव्या अंगठ्यावरून फिरवून, अगदी तुझ्यासारखी.

"तुले हे कोनं शिकवलं?" मी विचारलं. तुझ्या घरात आलो की माझी भाषाही तुझी होते.

"पाहून पाहून येते," ती म्हणाली आणि दाणे आणायला गेली.

मी त्या दिवसापासून पाळत ठेवली. स्वतःच्या बायकोवर, कोंबडीच्या बाबतीत. तिला बरंच काही येत होतं. कारकुनीण उठली की ती टोपल्यावर गोणपाट टाकायची, म्हणजे ऊब जाऊ नये. अंडी हळूच फिरवून ठेवायची. कोमट पाण्याच्या परातीत एकेक सोडून पाहायची. आत जीव असला की अंडं पाण्यावर हलकेच डुलतं. नालवाडीच्या सिमेंटच्या घरात, जिथं चिमणीसुद्धा येत नाही, तिथं हे कसं शिकली?

एकविसावी गाठ बसली त्या सकाळी टोपल्यातून बारीक चिवचिव आली. एका अंड्याला टोच पडली होती. कारकुनिणीचा आवाज बदलला. गुरगुर गेली आणि घशातल्या घशात बोलल्यासारखं काही सुरू झालं. दुपारपर्यंत चार पिल्लं. वेळेवर. एक दिवस इकडं नाही, एक दिवस तिकडं नाही.

मी आनंद करायच्या ऐवजी सुतळी मोजली. एकवीस. मग खिशातून फोन काढला, दोन वर्षांपूर्वीचे फोटो उघडले. अंड्यांवर सही करतानाचा एक. नऊ पिल्लांचा एक. तारखा मोजल्या, पुन्हा मोजल्या. एकोणतीस दिवस.

आत्या, अंडी उबवायला एकोणतीस दिवस लागत नाहीत. काळा रंग चढायला वेळ लागत नाही. दोन वर्षं हे साधं गणित माझ्या खिशात होतं आणि मी शेवंताबाईच्या कोंबडीची जीभ पाहत फिरत होतो. आठव्या दिवशी कोणीतरी अंडी बदलली होती. पण मग त्यांच्यावर माझी सही कशी?

सुनंदा पिल्लांसाठी कण्या भिजवत होती. माझी सही माझ्याशिवाय जगात एकाच माणसाला येते. पोरांच्या प्रगतिपुस्तकांवर पालकाची सही कोण करायचं, तर मी घरी नसलो की सुनंदा. बँकेचा माणूससुद्धा फरक ओळखू शकत नाही, असं मीच कौतुकानं सांगायचो.

"अवं," मी म्हटलं, "त्या वर्षी मी अंडी ठेवून आल्यावर तू बहिणीकडं जाते म्हणून हिंगणघाटले गेलती, ते कोनत्या दिवशी?"

तिनं कण्यांतून हात काढला नाही.

"आलं काय ध्यानात," ती म्हणाली. "आत्या म्हणे, याले दहा वर्षं लागतीन."

मग तिनं सांगितलं. सातव्या दिवशी, बारा वाजता, दार लावून तू माझं एकेक अंडं उजेडात धरलंस. छपराच्या टिनाला खिळ्याचं भोक आहे, त्यातून दुपारी उन्हाचा सरळ दोर खाली येतो, त्यात. आत जीव असला तर कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. माझ्या अकराही अंड्यांत काहीच नव्हतं. नुसता पिवळा उजेड. तू सुनंदाला फोन केलास.

"आत्या म्हणे, पोरी, सारंच पानी हाये. त्यानं साऱ्या नालवाडीले पिल्लं वाटून ठेवली. एकबी नाई निंघालं तं कचेरीत तोंड कसं दाखवीन? येजो, पेन घेऊन येजो."

"आन तू गेली?"

"गेली. आत्यानं आपल्या कोंबड्याईचे अकरा काढले. मी सही केली. तुम्ही मले धाडलेल्या फोटोत पाहून केली. आत्या म्हणे, टिंबं इसरू नको, तो टिंबं पाह्यते."

"पन पिल्लं तं एकबी काळं नोयतं!"

सुनंदा हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्याला लावला. "अजी, तेच तं! आत्याचा कोंबडा काळाकुट्ट होता. आत्या म्हणे, पाच-सात काळे तं निंघतीनच, त्याले काय समजते. आन निंघाले पाह्यता तं सारे मायवर गेलेले! आत्या डोक्याले हात लावून बसली. तुम्ही यायच्या पह्यले मले फोन करून रडली."

शेवंताबाईची काळी तलंग कुठून आली, तेही कळलं. त्याच कोंबड्याची. तुझ्याकडचं अंडं, उबवणारी कोंबडी तिची.

"मंग मले सांगतलं काऊन नाई? त्या पंगतीत मी बोललो, तवा तरी?"

सुनंदानं भिजलेल्या कण्या पिल्लांपुढं ठेवल्या. मग म्हणाली, "मी म्हटलं, सांगून टाकू. आत्या नाई म्हणे. म्हणे, सही तुही हाये. आज अंड्यावर केली समजलं, तं उद्या प्रत्येक कागद उजेडात धरून पाहीन. माह्यावर संशय राहू दे. मी अठी गावात हाये. तुले त्याच्या घरात राहाचं हाये."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणीसुद्धा माझ्या डोक्यात पहिलं काय आलं? आणखी कशाकशावर सही केली असेल हिनं? तू मला किती बरोबर ओळखलं होतंस, त्याचा हा पुरावा मीच देतो आहे.

आणि दुसरं हे आलं की दोघी ठरवून सांगत असतील. तू आधीच तिला शिकवून ठेवलं असशील, मी गेल्यावर असं असं सांग, म्हणजे भांडण गोड मिटेल. तुझ्याकडून अशक्य नव्हतं. मी विचारलं, "ती माही अंडी कुठं गेली?"

"सीताफळीच्या बुडाशी पुरली."

मी खुरपं घेतलं. हो, घेतलं. तू जाऊन आठ दिवस झालेले, घरात पिल्लं निघत असलेली, आणि तुझा पन्नाशीचा भाचा भर दुपारी परसात उकिडवा बसून झाड उकरत होता. शेवंताबाई कुंपणावर हनुवटी ठेवून उभी राहिली. "आता काय झाडाची जीभ पाह्यता?"

हातभर खाली पांढरं लागलं. टरफलाचे तुकडे, नखाएवढे, मातीनं आतून काळे पडलेले. मी ते धुतले, उन्हात धरले, चष्मा काढून पाहिले, घालून पाहिले. निळं काही नव्हतं. दोन पावसाळ्यांत शाई गेली होती. अंडी होती, एवढं नक्की. कोणाची होती, ते सांगणारं काही उरलं नव्हतं. सीताफळीच्या मुळ्या त्या तुकड्यांना धरून बसल्या होत्या.

तुह्यंच खत हाये, खाय.

मी खड्डा बुजवला. हात धुतले. आत आलो तर सातवं पिल्लू ओलं, डोळे मिटून कुटारात पडलेलं. ते काळं होतं. चोच काळी, पाय काळे. त्याची जीभ पाहायची मला अनावर इच्छा झाली, आत्या. सुनंदा माझ्याकडे पाहत होती. मी हात मागं बांधून उभा राहिलो.

संध्याकाळी नऊ पिल्लं झाली. राहिलेली दोन अंडी सुनंदानं परातीत सोडली, ती डुलली नाहीत. तिनं टोपल्यातली टरफलं गोळा करून माझ्या ओंजळीत दिली आणि पाट्याकडे मान हलवली. बाहेरच्या बाजूनं त्यांच्यावर कोळशाची रेघ असणार होती. तुझ्या हातची शेवटची. किंवा नसणारही. चार दिवसांत मला न कळता काय काय बदललं असेल, कोण सांगू शकेल? एकेक उलटून पाहिलं असतं तर कळलं असतं. उजेड होता अजून.

मी ती न पाहता चुरली. बारीक, चांगली, तू चुरायचीस तशी. कारकुनीण एकवीस दिवसांची हलकी झालेली, पंखाखालची पिल्लं सावरत पुढं आली, एकदा डोळा बारीक करून माझ्याकडे पाहिलं, आणि खाऊ लागली.